भट्टीवरून घरी आणणाऱ्यांचे आभार

दिवाळीनंतर उचल घेऊन कोळशाच्या भट्टीवर गेलेली आणि तिथंच अडकून पडलेली आमची कातकरी कुटुंबं परत वाडीवर आली आहेत. ज्यांनी आणलं त्यांनी नाव छापू नका असं बजावलंय, तेव्हा नावाशिवायच.

आधी शेजारच्या वाडीतल्या ताई. त्या स्वतः पूर्वी वीटभट्टीवर अडकल्या होत्या. मुकादम 'हिशोब फिटला नाही' म्हणाला की पुढं काय होतं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद झाली आणि तिच्यापोटीचं कर्जही संपलं, हे त्यांनी म्हाताऱ्यांना बसवून समजावलं. वारली आदिवासींनी १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावात वेठ नाकारल्याचं आजोबांनी ऐकलं होतं. कायद्याचं मात्र कुणी कधी सांगितलंच नव्हतं!

संघटनेतल्या आमच्याच पोरांनो, तुम्ही नसतात तर जबाब अर्धेच राहिले असते. साहेब विचारत, बाया गप्प. तुम्ही आपल्या बोलीत विचारलंत तेव्हा मारहाण, बाजाराचे पैसे बंद करणं, तापलेल्या पोराला दवाखान्यात न नेऊ देणं, सगळं कागदावर आलं. मुक्तीचा दाखला हाती पडेपर्यंत तुम्ही कचेरी सोडली नाहीत. सरकारची तातडीची मदत ३० हजारांपर्यंत मिळते, पुनर्वसनाची बाकीची रक्कम मालकाला शिक्षा होण्यावर अडते. हा नियम आम्हाला पटत नाही, पण तो भांडणाचा विषय वेगळा.

डिझेलचेही पैसे न घेणाऱ्या टेम्पोवाल्या दादा, रविवारी जेवायला या. वहिनींनाही आणा.