चावण्याआधी मांजर सांगतं

सोलापूर, ४ मे

बाळ्या,

"मांजर दगाबाज बे, कुरवाळता कुरवाळता चावलं!" असं फोनवर म्हणालास. मी हसलो खरा, पण हा मार मीही खाल्लाय. आधी सांग, लस घेतलीस ना? नसशील तर पत्र खाली ठेव आणि दवाखाना गाठ.

आमची चिंगी परवा खिडकीत होती, बाहेर पत्र्यावर परका बोका. तिची शेपटी फुगून बाटली घासायच्या ब्रशासारखी, कान मागं चपटे, डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की हिरवा रंगच दिसेना. आणि मी शहाणा, मायेनं मागून उचलायला गेलो! अंगठ्याखाली कचकन दात. राग बोक्यावरचा, निघाला माझ्यावर. भोकं दोनच, रक्त थेंबभर. पण सुईसारखे दात खोल जातात, वरून जखम मिटते अन् जंतू आतच राहतात. आई हळद घेऊन धावली. मी तिला थांबवलं, नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं हात धुतला आणि तडक दवाखान्यात गेलो. तरी रात्री अंगठा टम्म.

तुझ्या मांजरानंही सांगितलं असणार. शेपटीचं टोक फटफट आपटत होतं? पाठीची कातडी थरथरली? तिथंच हात काढायचा. शेपटी हलली की खूश, हा कुत्र्याचा हिशेब. पोट वर करून लोळलं तर विश्वास आहे एवढंच, पोटाला हात लाव असं नव्हे. घुरघुर तर दुखत असतानाही करतात.

शेपटी उभी धरून आलं, तर बोट नाकापुढं धर. गाल घासला की गाल, हनुवटी खाजव. टक लावून बघू नको, डोळे हळूच बारीक करून मिट. मी केलं तर चिंगीनंही मिटले. बायको म्हणाली, "माझ्याकडं कधी बघितलंत असं?"

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. मानगूट धरून लटकवू नको. पिल्लांना आई उचलते ती गोष्ट वेगळी. औषध पाजताना टॉवेलात गुंडाळ, फक्त डोकं बाहेर. चादर नको, या उन्हात उकडून मरेल ते. शेंगाचटणीसोबत इथले दोन टर्किश टॉवेल पाठवतोय. निळा मांजराचा. वहिनींना आधीच सांगून ठेव.

तुझा,
पिंट्या