सुभेदार काका, आईचं नाव आता बरोबर लागलं

आदरणीय सुभेदार काका,
सादर नमस्कार.

आबांना जाऊन आता तीन महिने होतील. गेल्या आठवड्यात आईच्या खात्यात फॅमिली पेन्शन जमा झाली. बँकेतून आल्यावर तिने पासबुक देवापुढे ठेवलं आणि म्हणाली, "आधी सुभेदारांना कळव." फोनवर तुम्ही "बरं झालं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून लिहितेय. चारचौघांना वाचता यावं असं लिहितेय, कारण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते किती घरांत वेळेवर व्हायला हवं, ते मला आता कळलंय.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या व्हरांड्यात आपली पहिली भेट झाली, तेव्हा आम्ही आईचं नाव आणि जन्मवर्ष दुरुस्त करायला आलोच नव्हतो. आबांना ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड काढायचं होतं. ते १९९६ च्या आधी निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना वर्गणी भरावी लागत नाही, एवढं कुणीतरी सांगितलं होतं आणि तेवढंच विचारायला आम्ही आलो होतो. तुम्ही बाकावर बसून दुसऱ्या कुणाचा अर्ज लिहून देत होतात. आबांची पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि डिस्चार्ज बुक (सैन्यातून निवृत्तीचं पुस्तक) हातात घेतलंत, चष्मा वर सरकवलात आणि विचारलंत, "लग्न कधीचं?" आबा म्हणाले, १९७३. तुम्ही बोटांवर मोजलंत. "मग वहिनी लग्नात चौदा वर्षांच्या होत्या का?"

आई भडकली होती, आठवतं? तिचं लग्न बाविसाव्या वर्षी झालं. शाळेच्या दाखल्यावर तिचा जन्म १९५१ चा आहे. पलटणीच्या कागदांत मात्र १९५९ लागलेला. आबांनी फॉर्मवर मराठी आकड्यांत लिहिलेला शेवटचा "१" कुणीतरी इंग्रजी "9" म्हणून वाचला असणार, हे तुम्हीच ओळखलंत. मला तोपर्यंत ते दोन आकडे इतके सारखे दिसतात हे कधी जाणवलं नव्हतं. शिवाय नावही "सांता बाई" असं लागलं होतं, आडनावाशिवाय. आमच्या घरात ती पीपीओ चाळीस वर्षं ट्रंकेत होती. महिन्याची पेन्शन येत होती, म्हणून कुणी ती वाचलीच नाही.

मी तेव्हा म्हणाले होते, "काका, एवढ्याने काय होतंय?" तुम्ही रागावला नाहीत. शांतपणे समजावलंत की फॅमिली पेन्शन ऐंशीव्या वर्षी वीस टक्क्यांनी वाढते, पंच्याऐंशीव्या वर्षी ती वाढ तीस टक्क्यांवर जाते, आणि हे वय धरतात ते कागदावरचं. खरं तर आईला २०३१ मध्ये मिळायचं ते कागदाप्रमाणे २०३९ मध्ये मिळालं असतं. आठ वर्षं. मग आबांकडे न बघता, आवाज खाली आणून तुम्ही म्हणालात, "साहेब आहेत तोवर त्यांची एक सही पुरते. नंतर वहिनींना सिद्ध करत बसावं लागेल की मीच त्यांची बायको." त्या दिवशी मला ते बोलणं कठोर वाटलं होतं. आबांनी मात्र मान हलवली होती. पलटणीत राहिलेल्या माणसाला ते लगेच कळलं.

खरी गाठ पुढेच होती. आधारवर आई शांताबाई. रेकॉर्डवर सांता बाई. आणि जन्मतारखेचा एकमेव पुरावा असलेल्या शाळेच्या दाखल्यावर ती द्रौपदी, वडिलांच्या नावाने आणि माहेरच्या आडनावाने. आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलून तांदळात नवं नाव लिहायचे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण त्या तांदळाचा दाखला कुठून आणायचा? तुम्ही विचारलंत, "लग्नपत्रिका आहे का?" आईच्या पेटीच्या तळाशी ती निघाली, पिवळी पडलेली. "चि. सौ. कां. द्रौपदी" आणि शेजारी आबांचं पूर्ण नाव. ती पत्रिका तुम्ही दोन्ही हातांनी धरली होतीत, ते मी विसरणार नाही.

मग दंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र, तिन्ही नावं एकाच बाईची असल्याचं. दोघांचा जोडफोटो. डिस्चार्ज बुकाच्या पानापानाची साक्षांकित प्रत. अर्जावर सर्वांत वर आबांचा सैनिक क्रमांक, कारण तुमच्या म्हणण्याप्रमाणे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसात माणूस नावाने नाही, नंबराने सापडतो. एवढं करूनही पहिला लखोटा परत आला. ती चूक माझी होती. अर्जात चुकीचं नाव लिहिताना माझा हात आपोआप ते सुधारून "शांता" लिहून गेला, त्यामुळे रेकॉर्डशी ते जुळेना. तुम्ही परत सगळं लिहून घेतलंत. "चूक जशी आहे तशीच, अक्षर न् अक्षर लिहायची. तीच शोधून ते दुरुस्त करणार आहेत." हे वाक्य मी आता ज्याला-त्याला सांगते.

तुम्हीच सांगितलंत की नोंद आधी पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे सैन्याच्या लेखी आदेशाने, बदलते आणि मग कागद प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयात जातो, तिथून सुधारित पीपीओ निघते. त्यामुळे अधल्यामधल्या महिन्यांत काहीच हललं नाही तरी आम्ही घाबरलो नाही. दर सोमवारी तुमचा फोन यायचा, "स्पर्शवर काही दिसतंय का?" स्पर्श म्हणजे सैनिकांच्या पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल. ज्या दिवशी दिसलं, त्या दिवशी आबांनी ते नाव मला मोठ्याने वाचायला लावलं. दोनदा.

त्यानंतर पाच महिन्यांनी आबा गेले. मृत्यूचा दाखला दिला, बाकीचे दोन-तीन कागद दिले, आणि आईला कुणी एक प्रश्न विचारला नाही. दुःखाच्या त्या दिवसांत तिला कुठल्या खिडकीपुढे उभं राहून स्वतःची ओळख पटवावी लागली नाही. आमच्या शेजारच्या गावात एका मावशींना ते करावं लागतंय, दीड वर्ष झालं. नवऱ्याच्या कागदांत त्यांचं नाव दुसरंच आहे, आणि सही करायला ते आता नाहीत. मी त्यांना तुमच्याकडे पाठवलंय. त्यांच्यासोबत मीही येईन, निदान प्रती काढायला आणि लिहायला.

काका, तुम्ही सुभेदार म्हणून निवृत्त झालात, क्लार्क म्हणून उभी नोकरी केलीत. घरी बसून आराम करावा असं वय आहे. तरी दर सोमवारी एसटीने येऊन त्या बाकावर बसता, आणि चहाचे पैसेही कुणाला देऊ देत नाही. आमच्या आबांचं तुम्ही काही लागत नव्हतात. पलटणही वेगळी होती. आबा शेवटच्या आठवड्यात म्हणाले होते, "माझ्या सर्व्हिसमध्ये एवढंच राहिलं होतं, ते त्या माणसाने पुरं केलं." हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

येत्या सोमवारी आई स्वतः येणार आहे. ट्रंकेतली कागदांची पिशवी तिने आता आपल्या उशाशी घेतलीय. सुधारित पीपीओ तुम्हाला तिच्याच हाताने दाखवायची आहे, असं तिने बजावलंय. तेव्हा सोमवारी कुठे जाऊ नका.

तुमची,
आबांची धाकटी लेक