मंत्रीसाहेब, ‘डॉल्फिन दिसले नाय तर पैसे परत’ हे आधी बंद करा

मा. पर्यटन मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

नमस्कार. मी सोलापूरचा. आमच्याकडं पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, हिप्परगा आणि फार झालं तर उजनी, त्यामुळं समुद्रातलं ह्याला काय कळतंय असं तुम्हाला वाटंल, पण तिकीट काढून बोटीत बसणारे आम्हीच आहे की ओ.

नाताळच्या सुट्टीत सांगोला, मिरज, कोल्हापूर करत फोंडा घाट उतरून मालवणकडं गेलो. नऊ वर्षांच्या पोरीला देवमासा बघायचा होता. शाळेत कुणीतरी सांगितलं होतं की निळा देवमासा दोन एसटी बस एकामागं एक लावल्या तरी त्याहून लांब भरतो, ते तिच्या डोक्यात बसलं होतं. किनाऱ्यावर (गावाचं नाव घेत नाही, कुणा एकाच्या पोटावर पाय द्यायचा नाही) बोटवाला म्हणला, “देवमासो नाय गो, पण डॉल्फिन दिसतले, नाय दिसले तर पैसे परत.” आम्ही खूश, चढलो.

पुढं काय झालं ते सांगतो. सकाळची वेळ, पाणी शांत, पंधरा मिनिटं काहीच नाही आणि मग एक पाठ वर आली, करडी, मधी कुबडासारखा उंचवटा, आणि सोबत एक बारकं पिल्लू. तेवढ्यात आजूबाजूच्या सहा-सात बोटींनी एकदमच इंजिनं ताणली आणि सगळ्या त्याच जागेवर. एक जण ओरडतोय भाऊ अजून जवळ घ्या रील नीट येईना, आणि खोटं कशाला बोलू, डावीकडं डावीकडं म्हणून मीपण ओरडत होतो. ती दोघं दोनदा वर आली, तिसऱ्यांदा लई लांब निघाली, की परत बोटी तिकडं. पोरगी म्हणली, “बाबा, ते पळून चाललेत का?” मी म्हणलं खेळतेत. खेळत नव्हते ते साहेब.

घरी येऊन वाचलं तवा कळलं. डॉल्फिन, देवमासा हे मासे नव्हेतच, आपल्यासारखे फुप्फुसानं श्वास घेतेत. म्हणजे ते वर येतेत ते आपल्याला तोंड दाखवायला नाही, दम घ्यायला येतेत, आणि नेमकं तिथंच आपण बोट घालतो. त्यांना खाणं शोधायला पण आवाजच लागतो, पाण्यात आवाज सोडून त्याच्या परतीवरनं मासा कुठाय ते कळतं, त्यात सात इंजिनांचा गोंगाट. हा कुबडवाला डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच राहतो, त्याला लांब जायची सोय नाही, आणि जगाच्या यादीत तो धोक्यातला म्हणून नोंदलाय. आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात तो वाघाच्याच अनुसूचीत हाय. त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत जनावर हाकणं पण येतं म्हणे. मी वकील नाही, पण त्या सकाळी आम्ही जे केलं त्याला दुसरा शब्द मला सुचंना.

आणि देवमासा आपल्याकडं नाही असं पण नाही. 2015 साली सिंधुदुर्गातल्या कुणकेश्वरच्या समोरच्या समुद्रात संशोधकांना निळा देवमासा दिसलाय. उद्या तो किनाऱ्याजवळ आला आणि कुणी त्याचा व्हिडिओ टाकला की किती बोटी सुटतील ते तुम्हीच बघा.

मागणी सरळ हाय. हे “पैसे परत” बंद करा, सगळं दुखणं तिथं हाय. गॅरंटी दिली की बोटवाल्याला पाठलाग करावाच लागतो, नाहीतर डिझेल त्याच्या खिशातनं. त्याची पण चूक कशी म्हणू, जून-जुलै मासेमारी बंद, पावसाळ्यात पर्यटक नाही, कमाई हाय ती ह्या चार-सहा महिन्यांत. तिकीट फेरीचं घ्या, डॉल्फिनचं नको. दिसला तर इंजिन हळू, शंभरेक मीटरवर थांबायचं, एका कळपापाशी दोन-तीनच बोटी, पिल्लू असंल तर लांबनंच. बोटवाल्यांना ट्रेनिंग देऊन परवाना द्या, समुद्र त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो, बोलते केले तर लोक त्यांच्या गोष्टींचेच पैसे देतील. आणि लाइफ जॅकेट, आमच्या बोटीत ती सीटखाली दाबून ठेवली होती. उजनीत 2024 च्या मे महिन्यात बोट उलटून सहा माणसं गेली, त्यामुळं आम्हाला ह्या बाबतीत कुणी समजवायला नको.

तुम्ही म्हणाल सोलापूरकराला एवढा पुळका का. साहेब, सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्ष्याचं अभयारण्य 1979 पासनं हाय. आमच्या वडिलांनी माळावर माळढोक बघितलाय, मी पोरीला घेऊन गेलो तर तो फक्त बोर्डावर दिसला.

मे महिन्यात इथं ऊन डोक्यावर आलं की आम्ही परत कोकणात उतरणारच. तोवर किनाऱ्यावर नियमांचा बोर्ड लागू द्या. त्यावर तक्रारीचा नंबर पण टाका, आणि तो लागणारा असू द्या.

आपला,
एक सोलापूरकर