पुण्याला गेलेल्या सईस

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

ईसीजीचा कागद फ्रिजवरच राहिला तुझा. बरं झालं, नेला असतास तर रोज उलगडून बघत बसली असतीस. डॉक्टर नॉर्मल म्हणाले तेव्हा चेहरा किती खुलला होता! पण हा दिलासा चार दिवस टिकतो, मग नवी तपासणी हवीशी वाटते.

तुला काही होत नाही, असं मी म्हणणार नाही. धडधड खरी आहे, मुंग्याही खऱ्या आहेत. रात्री डाव्या कुशीवर झोपलं की हृदयाचं टोक छातीच्या भिंतीला टेकतं, त्यात खोली शांत, म्हणून ठोका उशीत ऐकू येतो. 'चुकलेला' ठोका बहुतेक वेळा चुकलेला नसतोच. एक ठोका लवकर पडतो, मग किंचित थांबा येतो, तेवढ्यात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणकन लागतो. जागरण झालं, कॉफी जास्त झाली की हे वाढतं. घाबरून श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात. तेव्हा खोल श्वास ओढायचा नाही. चार मोजत हलका घ्यायचा, सहा मोजत सोडायचा.

म्हणून म्हणते, ते घड्याळ रात्री काढून ठेव. ठोके बघायला मनगट वळवलंस की भीतीनेच आकडा वाढतो, आणि तो वाढला म्हणून तू पुन्हा बघतेस. बरगडीवरची ती जागाही दाबून दाबूनच दुखरी झालीय.

एक करून बघ. मिनिटभर फक्त डाव्या अंगठ्याच्या टोकाकडे लक्ष दे. तिथे काहीतरी सुरसुरायला लागेल. अंगठ्याला काय झालंय? काही नाही. लक्ष गेलं की जाणीव मोठी होते, एवढंच.

झालं माझं लेक्चर सुरू. चिडू नकोस. सातवीत पांडवलेणीच्या पायऱ्या धावत चढली होतीस. ठोके दीडशेच्या घरात असतील, आणि वर पोचल्या पोचल्या तू भेळ मागितलीस! तेच हृदय आहे हे.

आप्पांचं जे झालं ते तुझ्या डोक्यातून जात नाही, माहीत आहे. माझ्याही जात नाही. म्हणून एवढं सांगून ठेवते: जिना चढताना छाती दाबल्यासारखी झाली, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरलं, दरदरून घाम आला किंवा शुद्ध हरपली, तर १०८ लाव, मला नंतर. बाकी वेळी नाडी बघावीशी वाटली तर दहा मिनिटं थांब, जमलं की वीस. आणि घड्याळ... जाऊ दे.

त्या समुपदेशक बाईंची वेळ घेतलीस का? नीट जेव.

तुझी,
आई

ता. क. घड्याळाचा चार्जर इथेच राहिलाय. शनिवारी बाबा येताहेत, त्यांच्याबरोबर लाडू पाठवते. चार्जर नाही.