पॉप्स, तुम्ही गाणं बदललंत

प्रिय पॉप्स,

तुमच्या केस कापायच्या दुकानातली पोरं तुम्हाला याच नावाने हाक मारतात, म्हणून मीही. तुम्हाला मराठी येत नाही. तुमचे आभार तोंडी मानून झालेत, तेव्हा तुम्ही हात झटकून 'त्यात काय' म्हणालात. पण हे ज्यांच्या कानावर जायला हवं ते मराठी वाचणारे आहेत, म्हणून उघड पत्र.

आई त्या शनिवारी घराबाहेर कशी पडली, किती भटकली, ते इथे उगाळत नाही. तिला विसरायला होतं, इंग्रजी येत नाही आणि न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सचा फेब्रुवारी कराडच्या बाईला झेपणारा नाही, एवढं पुरे. कोपऱ्यावरच्या चकचकीत दुकानात ती उबेला उभी राहिली, तर तिथल्या रखवालदाराने तिला दार दाखवलं. बसस्टॉपवर तिने लोकांना पत्ता विचारला, मराठीतच विचारला असणार. कोणी कानातले इअरफोन काढायची तसदी घेतली नाही. मी ज्या हेल्पलाइनला फोन लावला तिने मला वाट बघायला लावून संगीत ऐकवलं. आणि आमचा लाडका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप? मदत मागितल्यावर न्यू जर्सीतल्या एडिसनहून पहिलं उत्तर आलं, 'तरी सांगत होतो, त्या एरियात राहू नका.' त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

'त्या एरियात' तुमचं दुकान आहे. जेरोम अव्हेन्यूवर, डोक्यावरून ४ नंबरची गाडी धडधडत जाते त्या पुलाखाली.

तुम्ही आईला दारातून आत आणलंत, भिंतीलगतच्या बाकावर नाही तर तुमच्या स्वतःच्या खुर्चीत बसवलंत. शनिवार म्हणजे तुमच्या धंद्याचा दिवस. मी पोचले तेव्हा दाढीसाठी गरम करून ठेवलेला टॉवेल तिच्या दोन्ही हातांना गुंडाळलेला होता आणि तिच्या स्वेटरला टाल्कम पावडरचा वास येत होता. माझा नंबर तिच्या खिशात होता, पण मराठी आकड्यांत. अर्धेच केस कापून झालेल्या एका पोराने मोबाइलवर शोधून एकेक आकडा जुळवला. ५ कुठला आणि ६ कुठला यावर दुकानात म्हणे चांगलीच जुंपली, नि भलत्याच माणसांना फोन गेले.

मला मात्र राहून राहून आठवतं ते वेगळंच. त्याच पोराने जरा कुरकुरत सांगितलेलं. आई आत आली तेव्हा स्पीकरवर ड्रिल नावाचं रॅप चालू होतं. शिव्या, बंदुका, सगळं. आईला त्यातलं अक्षर कळलं नसतं, हे तुम्हालाही ठाऊक होतं. तरी तुम्ही कात्री खाली ठेवलीत, जाऊन गाणं बंद केलंत आणि 'वडीलधारी बाई बसलीय' म्हणून माहेलिया जॅक्सन या गायिकेची चर्चमधली भक्तिगीतं लावलीत. गर्दीच्या वेळी, रांगेतल्या सगळ्या तरण्या पोरांच्या नाकावर टिच्चून. एकाचीही उलटून बोलायची हिंमत झाली नाही.

आईने मला आल्या आल्या काय विचारलं असेल? 'ही बाई कोणत्या देवाचं म्हणतेय गं?' मी म्हटलं, येशूचं. 'असू दे. गळा आहे.' भजनी मंडळात उभा जन्म गेलेल्या बाईचं हे प्रशस्तिपत्रक आहे, पॉप्स. भिंतीवर मुहम्मद अलींच्या शेजारी लावून टाका.

यावरून कोणी 'बघा, त्यांनाही ते रॅप आवडत नाही' असं म्हणेल, म्हणून आधीच सांगते. त्या मुलाचं गाणं त्याचं आहे, ते त्याला परत लावून देणारेही तुम्हीच. तुमच्या दुकानापासून चालत जाता येईल अशा सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ला सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, जमैकातून आलेला, वय १८. त्यालाच जग डीजे कूल हर्क म्हणतं, आणि रॅप ज्यातून आलं त्या हिप-हॉपचा जन्म त्या पार्टीत झाला असं मानतं. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा आला की पोरं बेभान नाचतात हे त्याने हेरलं होतं, म्हणून तो तो तुकडाच लांबवायचा. तोवर हायवेसाठी वस्त्या चिरल्या गेल्या होत्या, घरमालक विम्याच्या पैशांसाठी आपल्याच इमारती पेटवून देत होते. तशात ही पोरं रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज ओढून नाचत होती. धारावीतल्या पोरांनी तीच कला उचलली की आपण कौतुकाने व्हिडिओ फॉरवर्ड करतो. मूळ मालकाच्या गल्लीत मात्र गाडीच्या काचा वर.

एडिसनकरांनी नंतर अजून एक शंका काढली. 'त्याने सरळ पोलिसांना का नाही बोलावलं?' तुम्हाला मी हे कधी विचारलं नाही, विचारणारही नाही. याच ब्रॉन्क्समध्ये १९९९च्या फेब्रुवारीत अमादू डियालो नावाचा गिनीहून आलेला तरुण स्वतःच्या घराच्या दारात उभा होता. त्याने पाकीट काढलं, ते चार पोलिसांना पिस्तूल वाटलं. ४१ गोळ्या. चौघेही निर्दोष सुटले. २०११ या एका वर्षात शहरातल्या पोलिसांनी रस्त्यात माणसं अडवण्याचे प्रकार ६ लाख ८५ हजारांवर गेले. अडवलेले बहुतेक तुमच्यासारखे कृष्णवर्णीय नाहीतर लॅटिनो, आणि त्यातल्या बहुतेकांकडे काहीच सापडलं नाही. पुढे २०१३ साली कोर्टाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. एवढं बघितलेल्या माणसाने, समोर गोंधळलेली परकी म्हातारी असताना, आधी तिच्या लेकीचा नंबर शोधला. मला तर ते शहाणपणच वाटतं.

आणि आता आपल्या लोकांसाठी चार शब्द, पॉप्स, तुम्ही तोवर गिऱ्हाईक बघा.

त्या दिवशी दुकानात जिचा आवाज लागला होता, ती माहेलिया २८ ऑगस्ट १९६३ला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेल्या वॉशिंग्टनच्या मोर्चात गायली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाच्या आधी. त्या चळवळीच्या रेट्याने १९६४ला नागरी हक्कांचा कायदा आला, १९६५ला मतदानाचा, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवा इमिग्रेशन कायदा. त्याआधी भारतीयांचा कोटा किती होता? १९४६च्या कायद्याने वर्षाला १०० माणसं. अख्ख्या देशातून. आपले काका-मामा डिग्री घेऊन इथे उतरले ते हुशार होते म्हणून, हे खरंच. पण दार किलकिलं झालं ते कुत्रे अंगावर सोडले गेले तरी मागे न हटलेल्या लोकांमुळे. त्याच दारातून आत येऊन आपण 'त्या एरियात राहू नका' म्हणतो. ११ एप्रिलला ग्रुपवर जोतिरावांचा फोटो न चुकता पडतो. त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. फोटो टाकणाऱ्यांनी पहिलं पान तरी उलटावं.

असो. फार लांबलं. तुमच्याकडे मी हे सगळं बोलत बसले असते तर तुम्ही 'मान सरळ ठेव' म्हणाला असतात.

आई कराडला परत गेलीय. व्हिडिओ कॉलवर 'माझा केस कापणारा भाऊ कसा आहे?' हे पहिलं विचारते, माझी चौकशी नंतर. तिने चिवडा पाठवलाय. तिखट आहे, पोरांना आधीच सांगून ठेवा.

मुलाला शनिवारी घेऊन येते. त्याला फेड कट हवाय, बाजूला ती रेघ नको, कितीही रडला तरी. गेल्या वेळी तुम्ही पैसे घेतले नाहीत. या वेळी घेतले नाहीत तर मी तिथूनच कराडला फोन लावीन, आणि मग तुमचं तुम्ही बघा.

तुमची,
पुलापलीकडची शेजारीण