इटलीतल्या अनोळखी मदतनीसांचे आभार

ग्रुप टूरमध्ये टूर मॅनेजरचं कौतुक सगळेच करतात, आणि ते रास्तच. आम्हाला मात्र आधी बसचालकांचे आभार मानायचेत. साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटांची विश्रांती, हा युरोपीय संघाचा नियम. टॅकोग्राफवर, म्हणजे बसमधल्या नोंदयंत्रावर, सगळं नोंदलं जातं. सकाळी लॉबीत आपण वीस मिनिटं घालवली, तर ती पिसाचा मनोरा पाहायच्या वेळेतून कापली जातात, चालकाच्या विश्रांतीतून नाही. तरीही "अजून दोघं यायचीत" ऐकून न चिडणाऱ्या या माणसांना सलाम!

व्हेनिसला टूरची बस त्रोंकेत्तो या वाहनतळाच्या बेटापर्यंतच जाते, पुढे बोट. चढताना आजींचा हात नव्हे, कोपराच्या वर दंड धरणारे आणि बोट धक्क्याला टेकेपर्यंत पाय उचलू न देणारे ते खलाशी. त्यांच्यामुळे कुणाचा घोटा मुरगळला नाही.

व्हॅटिकनच्या गाईडबाईंचे विशेष आभार. सिस्टीन चॅपेलमध्ये बोलायची मनाई, म्हणून त्यांनी बाहेरच्या अंगणातल्या फलकांसमोर छतावरचं एकेक चित्र आधीच समजावलं. गाईडचं बोलणं ऐकवणाऱ्या कानातल्या यंत्राचा आवाज खरखरला की माणूस गटापासून लांब पडलाय, हेही त्यांनीच सांगितलं.

आणि हायवेवरच्या कॉफीवाल्या ताई! तिथे बहुतेक ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे, मग पावती घेऊन काउंटर. आपली मंडळी थेट काउंटरवर गर्दी करणार, आणि त्या दर वेळी हसून गल्ल्याकडे बोट दाखवणार.