बुलेट ट्रेन पेडण्याला थांबेल का?

माननीय संपादक,

मुंबई-गोवा बुलेट ट्रेन झाली पाहिजे, हा विषय आमच्या पेडण्यात चहाच्या दुकानावर अधूनमधून निघतोच. चवथीला गावी येताना ज्यांना वेटिंग लिस्ट चुकलेली नाही, त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. मी विचारतो, ती पेडण्याला थांबेल का? मग जरा शांतता होते.

मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा आणि स्थानके १२. मूळ अंदाज सुमारे १ लाख ८ हजार कोटींचा, म्हणजे किलोमीटरमागे २०० कोटींहून जास्त. आमच्याकडे तर डोंगर संपला की खाडी. एवढे ओतून गाडी कुडाळ-बांद्याच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जाणार!

मुंबई-गोवा महामार्ग ६६ चे तसे नाही. हात दाखवला की थांबणारी बस त्यावरूनच धावते. सिंधुदुर्गातला रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) येतो तोही याच रस्त्याने, आणि त्याला ताशी ३२० चा वेग नको असतो. ॲम्ब्युलन्स आदळू नये, अडकू नये, एवढेच हवे असते. पण पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले, तेव्हा पहिलीत बसलेली पोरे आता कॉलेजात गेली, तरी मुंबईला निघताना 'रस्ता कसा आहे' हे विचारावेच लागते.

पत्रादेवीच्या सीमेपलीकडच्या खड्ड्यांना आपण गोवेकर हसतो. हसू नये. २०२४ च्या पावसात आमच्या माळप्यात महामार्गालगत दरड कोसळली. डोंगर उभा कापायचा आणि वरच्या पाण्याला वाट ठेवायची नाही, मग दुसरे काय होणार? त्याच पावसात पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वेही बंद पडली होती. आहे त्या रुळांची ही गत, आणि आपण बुलेटच्या गोष्टी करतो.

पैसा नेमक्या जागी लागला की काय होते, ते झुवारीवर पाहावे. नवीन पुलाचा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरा वर्षभराने खुला झाला. त्याआधी कुठ्ठाळीला तासन् तास रखडलेल्यांना त्याची किंमत विचारा.

सुधारणा म्हणजे नुसते रुंदीकरणही नव्हे. कापलेल्या उतारांना पायऱ्या, पावसाआधी उपसलेली गटारे, गावाच्या फाट्यावर दिवे, सर्व्हिस रोड आणि पायी माणसाला पलीकडे जायची सोय हवी. आज आमच्याकडची म्हातारी माणसे दुभाजकावर चढून पलीकडे जातात. उरलेल्या पैशांत कोकण रेल्वेचा दुसरा रूळ टाका; त्यावरची गाडी मात्र पेडण्याला थांबेल.

यंदाच्या चवथीआधी संबंधितांनी भर पावसात माळप्याला एक फेरी मारावी. चहा माझ्याकडून.

– एक वाचक, पेडणे